एक वारसा, तीन राज्ये

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की वसतिगृहातील पहाटेची घंटा, रांगेतील आंघोळी आणि सायंकाळच्या पंगती यांच्या आठवणींना बहर येतो. भोजन आटोपले की मात्र दोघे-तिघे जण मला हळूच बाजूला घेतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, एक कागद दाखवायचा होता." वीस वर्षांपूर्वी हे कागद बहुधा धुऱ्याच्या तंट्याचे, पांदण रस्त्याचे किंवा सावकाराच्या गहाणाचे असत. अलीकडे एकाच पिशवीतून मारेगावचा सातबारा, बैतूलचा खसरा आणि आदिलाबादकडील तेलुगू मजकुराचा मुद्रांक कागद असे तिन्ही बाहेर पडतात. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा याच पिशवीविषयी लिहावे असे ठरविले.

आपल्या शाळेतील मुलांचे वडील कामाच्या शोधात जिथे गेले, तिथे त्यांनी पै-पै साठवून काहीतरी घेतले. वणी पट्ट्यातील कोळसा खाणीत लागलेला कामगार बदली होऊन पेंच, कन्हान किंवा पाथाखेड्याला गेला, कारण वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशा दोन्ही राज्यांत आहेत. कुणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात स्थिरावला, कुणी हैदराबादला. मुली लग्न होऊन दुर्गला, आदिलाबादला गेल्या. गावाकडचे वावर मात्र होते तिथेच राहिले. पिढी बदलते तेव्हा या सर्व तुकड्यांचा हिशेब एकदम पुढे येतो, आणि त्या वेळी घरात कागद समजणारा माणूस बहुधा नसतो.

वसतिगृहातील माझ्या एका मित्राच्या घरी हेच घडले. त्याचे नाव देत नाही. त्याने प्रसंग सांगण्यास अनुमती दिली आहे. वडील खाण कामगार. मारेगाव तालुक्यात वडिलोपार्जित चार एकर कोरडवाहू जमीन. पाथाखेड्याला नोकरीत असताना १९९८ साली त्यांनी रीतसर नोंदणीकृत खरेदीखताने एक भूखंड घेतला. २००९ साली निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे हाती आले; त्यातून पैनगंगेपलीकडे तीन एकर जमीन 'स्वस्तात' मिळाली म्हणून २०१० मध्ये मुद्रांक कागदावर लिहून घेतली. २०१५ साली मृत्युपत्र न करता ते गेले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. थोरला पुण्यात, धाकटा गावी, एक मुलगी भिलाईला, दुसरी वणीला. मालमत्ता तीन राज्यांत, वारस दोन राज्यांत. यात मोठी रक्कम कुठेच नव्हती. पण कामगाराच्या चाळीस वर्षांच्या घामाची ती सगळी जमा होती, आणि तिच्यातील एक तुकडा पुढे कायमचा हातचा गेला.

या गुंत्याचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. जमीन, जमिनीवरील हक्क, कुळवहिवाट आणि शेतजमिनीचे हस्तांतरण हे विषय राज्यसूचीत आहेत. वारसाहक्क आणि मृत्युपत्र समवर्ती सूचीत, तसेच शेतजमीन वगळून अन्य मालमत्तेचे हस्तांतरण आणि दस्तांची नोंदणी हेही समवर्ती सूचीत. म्हणून वारस कोण आणि वाटा किती, हे ठरविणारा कायदा बहुतांशी देशभर एक; पण ती जमीन कोण विकत घेऊ शकतो, नोंद कोणत्या वहीत होते, मुद्रांक शुल्क किती लागते, हे प्रत्येक राज्य आपापल्या परीने ठरविते. एकाच बापाची मुले मारेगावच्या तलाठी कार्यालयात एका रीतीने आणि बैतूलच्या पटवाऱ्यापुढे दुसऱ्या रीतीने उभी राहतात ती यामुळेच.

आधी वाट्याचा प्रश्न. आपल्या समाजात एक गैरसमज अजूनही भेटतो की, आपण बौद्ध आहोत, तेव्हा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू नाही. १९५६ च्या या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट समावेश आहे. तो १७ जून १९५६ रोजी अमलात आला. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर चार महिन्यांनी झाली. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांच्या मूळ खटपटीचा एक भाग या कायद्यात उतरला, हेही आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या कायद्यानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांना समान वाटा मिळतो. मुलीचे लग्न झाले की नाही, याचा तिथे संबंध नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलींना जन्मतः सहदायिकीचा हक्क मिळण्यास बराच काळ लागला, आणि तो राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी मिळाला. आंध्र प्रदेशाने तो ५ सप्टेंबर १९८५ पासून दिला, महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून. तोही त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. मध्य प्रदेशातील मुलींना ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला आणि पुष्कळ वर्षांचा घोळ संपविला. मित्राच्या कुटुंबात हिशेब असा झाला: जुन्या नियमाने वडिलोपार्जित चार एकरांत प्रत्येक मुलीला विसावा हिस्सा आला असता; नव्या नियमाने पाचवा. चार एकरांतील आठ गुंठे आणि बत्तीस गुंठे, एवढा हा फरक आहे.

धाकट्या भावाने वडिलांच्या पश्चात वारस नोंद करून घेतली, तीत आई आणि दोन मुलगे एवढीच नावे होती. "ताईंची लग्ने झाली आहेत," असे त्याने सांगितले, आणि तलाठी दप्तरात तेवढेच लिहिले गेले. तो वाईट माणूस नाही. गावात सगळे असेच करतात. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. ती महसुलाच्या सोयीची नोंद असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण चुकीची नोंद दहा वर्षे तशीच राहिली की तिच्या आधारे कर्ज उचलले जाते, विक्री होते आणि तिसरा माणूस मध्ये येतो. थोरल्या बहिणीने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करून नोंद दुरुस्त करून घेतली. अपिलाची मुदत साठ दिवसांची. विलंब झाल्यास कारण देऊन तो माफ करून घ्यावा लागतो.

हक्कसोडपत्राविषयीही येथेच सांगतो. बहीण खुशीने हक्क सोडत असेल तर कायद्याची आडकाठी नाही. पण ते पत्र नोंदणीकृतच हवे, आणि त्यात ज्या गटाचा उल्लेख आहे तेवढ्यापुरतेच ते चालते. मारेगावच्या दुय्यम निबंधकापुढे केलेल्या हक्कसोडीने पाथाखेड्याच्या भूखंडातील हिस्सा सुटत नाही. दिवाळीला साडी-चोळी देऊन कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला तर काहीच अर्थ नाही.

आता जुन्या कागदांकडे वळू. आजच्या तिशी-चाळिशीतील पुष्कळांना ठाऊक नसते की १९५६ पर्यंत यवतमाळ, बैतूल आणि छिंदवाडा हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या राज्याची १९५४ ची जमीन महसूल संहिता विदर्भात पुढेही चालू राहिली. १५ ऑगस्ट १९६७ रोजी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली तेव्हा ती गेली. म्हणून आपल्याकडील जुन्या अधिकार अभिलेखात 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' हे शब्द आढळतात. नव्या संहितेत निर्बंध नसलेला भूमिस्वामी हा भोगवटादार वर्ग १ झाला आणि भूमिधारी वर्ग २ झाला. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. सातबाराच्या माथ्यावरील हा एक आकडा न वाचल्यामुळे फसलेले खरेदीदार मी पाहिले आहेत. मध्य प्रदेशात 'भूमिस्वामी' हा शब्द आजही चालतो. तिथे सातबाराच्या जागी खसरा आणि बी-१, फेरफाराच्या जागी नामांतरण. राजुरा आणि किनवट हे भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि मग राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे तिकडील जुन्या हक्काचा शोध घेताना उर्दू कागद पुढे येतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील चौदा गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात, आणि तेथील लोक दोन्ही राज्यांची शिधापत्रिका बाळगून आहेत. सीमारेषा नकाशावर एका दिवसात आखली जाते. दप्तरातून ती उतरायला पिढ्या लागतात.

पैनगंगेपलीकडच्या तीन एकरांची कथा सर्वांत दुःखाची, आणि माझ्या मते या भागातील प्रत्येक कुटुंबाने ऐकावी अशी. २०१० चा तो कागद उघडला तेव्हा त्यावर आंध्र प्रदेश राज्याचा उल्लेख. आज ते गाव तेलंगणात. कागद नोंदणीकृत नव्हता. तिकडे अशा साध्या कागदावरील खरेदीला 'सादाबैनामा' म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही विक्री झालेलीच नव्हती. पण खरी अडचण त्याहून खोल होती. ते गाव अनुसूचित क्षेत्रातील होते.

आपल्याकडे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत. शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्यावाचून असा व्यवहार होत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. मारेगाव, केळापूर, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने हे नियम आपल्या परिचयाचे आहेत. त्यावरून माणूस असा तर्क करतो की, विकणारा आदिवासी नसेल तर प्रश्नच नाही. मित्राच्या वडिलांनीही तोच तर्क केला होता. विकणारा आदिवासी नव्हता.

तेलंगणातील नियम वेगळा आहे. १९५९ चे अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगण भागास लागू झाले आणि १९७० च्या पहिल्या विनियमाने ते अधिक कडक झाले. लोक त्याला 'वन सेव्हंटी' म्हणतात. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातील जमीन कोणीही, म्हणजे आदिवासी असो वा नसो, बिगर-आदिवासीला देऊ शकत नाही. असा व्यवहार आरंभापासूनच शून्यवत. उलट, बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मुळात आदिवासीकडूनच आली असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पी. रामी रेड्डी प्रकरणात हा कडक नियम घटनेशी सुसंगत ठरविला. एखादी परवानगी राहिली, ती मागाहून आणू, असा मार्ग तिथे नाही.

मित्राने रागाने विचारले, हा कसला कायदा? मी त्याला जोडेघाटची आठवण दिली. जमीन, जंगल आणि पाणी यांसाठी कोमरम भीम १९४० साली तिथे लढता लढता पडला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास नेमले. मैदानातून आलेल्या सावकारांनी आणि शेतकऱ्यांनी गोंड-कोलामांच्या जमिनी कशा हळूहळू गिळल्या, ते त्याच्या लेखनात आले आहे. ज्या समाजाने स्वतः भूमिहीनता भोगली, त्याने या कायद्याला शत्रू मानू नये, असे माझे मत आहे. रोष धरायचाच तर तो, कायदा ठाऊक असूनही दुसऱ्या राज्यातील साध्या कामगाराला ती जमीन विकणाऱ्या दलालावर धरावा. शून्यवत करारात दिलेला पैसा परत मागता येतो, हे करार कायद्याचे कलम ६५ सांगते. पण त्यालाही मुदत असते, आणि विकणारा माणूस सापडावा लागतो. इथे तो सापडला नाही. ते पैसे गेले.

मध्य प्रदेशचा नियम या दोहोंच्या मधला. तेथील १९५९ च्या संहितेच्या कलम १६५(६) प्रमाणे अधिसूचित आदिवासी क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यास मनाई, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. याउलट, शेतकरी नसलेल्या माणसाने शेतजमीन घेऊ नये असा निर्बंध विदर्भात १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८९ मुळे आहे. मध्य प्रदेशात आणि तेलंगणात तसा नाही. भिलाईला जन्मलेला, नावावर शेती नसलेला नातू मारेगावात वारसाने जमीन मिळवू शकतो, पण शेजारचे वावर विकत घेताना त्याला अडचण येते. आजीच्या वाट्याचे कागद नीट असतील तर ती बहुतेक सुटते. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, हेही येथे नोंदवितो, कारण शाळेत गोंड, कोलाम, परधान मुलेही शिकली आहेत. त्यांच्यात वारसा रूढीने ठरतो. तथापि एका गोंड स्त्रीच्या वारसांच्या प्रकरणात, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला समान वाटा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे.

पाथाखेड्याचा भूखंड वेगळ्याच वाटेने हातचा जाऊ लागला होता. गावी परतताना वडिलांनी देखभालीसाठी शेजाऱ्याला मुखत्यारपत्र करून दिले होते. वडील २०१५ साली गेले. शेजाऱ्याने त्याच मुखत्यारपत्रावर २०१७ मध्ये तो भूखंड विकला. घरच्यांना हे कळले २०१९ साली, तेही नगरपालिकेचा कर भरायला गेल्यावर. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की मुखत्याराचा अधिकार संपतो, हे करार कायद्याचे साधे तत्त्व. आणि मुखत्यारपत्र, विक्रीचा करार व मृत्युपत्र एवढ्या तीन कागदांवर मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे. दूरच्या राज्यातील मालमत्तेसाठी मुखत्यार नेमणे अनेकदा अपरिहार्य असते. पण 'सर्व अधिकार' लिहून देण्याची काय गरज? कर भरणे, कुंपण घालणे, कार्यालयात अर्ज देणे एवढेच लिहावे, विक्रीचा अधिकार घालू नये, मुदत टाकावी. दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल तर मुखत्यारपत्र देणाऱ्याने आपण राहतो त्या ठिकाणच्या निबंधकापुढे ते साक्षांकित करून घेणे हा सुरक्षित मार्ग होय. पुण्यातील भावाने पुण्यात, भिलाईच्या बहिणीने तिकडच्या कार्यालयात. परदेशी असलेल्यांना भारतीय वकिलातीपुढे किंवा तेथील नोटरीपुढे ते करता येते. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

दावा कुठे लावायचा? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे स्थावराचा दावा ते जिथे आहे त्या न्यायालयात. कलम १७ ची सवलत अशी की, मालमत्ता दोन न्यायालयांच्या हद्दीत असेल तर त्यांपैकी कोणत्याही एका न्यायालयात संपूर्ण मालमत्तेचा दावा चालतो. भावंडांतील वाटणीचा दावा म्हणूनच मारेगावची शेती आणि बैतूलचा भूखंड दोन्ही मिळून इकडेच लावता येतो; एखादी मालमत्ता वगळली तर उलट अपुऱ्या वाटणीचा आक्षेप येतो. पण ही सवलत वादाचे कारण एकच असेल तरच. २०१९ च्या शिवनारायण विरुद्ध माणिकलाल या निकालात इंदूरच्या दाव्यात मुंबईची मालमत्ता घालण्याचा प्रयत्न होता. कारणे निरनिराळी असल्याने तो मान्य झाला नाही. मित्राच्या घरचेही तसेच झाले. भावंडांचा आपसातील प्रश्न एक, आणि शेजारी व त्याच्याकडून घेणारा यांच्याविरुद्धचा प्रश्न दुसरा. तो दावा बैतूललाच लावावा लागला. खरेदीखत रद्द करण्याचा दावा ते कळल्यापासून तीन वर्षांत लावायचा असतो. त्यांनी २०२० मध्ये लावला. मोठी माणसे 'बघू, दिवाळीनंतर जाऊ' म्हणत वर्ष घालवतात, ते इथे अंगाशी आले असते.

वकील कोणता करायचा हाही प्रश्न नेहमी येतो. वकील अधिनियमाचे कलम ३० जून २०११ पासून अमलात आहे. कोणत्याही राज्यात नोंदलेला वकील देशात कुठेही काम चालवू शकतो. व्यवहारात मात्र स्थानिक भाषा, महसूल कार्यालयाची रीत आणि तारखांची धावपळ यांसाठी तिकडचाच वकील हवा. मी मित्राला एवढेच म्हणालो की, सर्व कागदांची एक प्रत आणि सर्व दाव्यांची हकीकत एका माणसाकडे असू दे. नाहीतर बैतूलला एक कैफियत आणि वणीला तिच्या विरुद्ध दुसरी जाते, आणि समोरचा वकील दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.

खर्चाला घाबरून पुष्कळ जण हक्क सोडून देतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. न्यायालय शुल्कही प्राधिकरण सोसते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तो राज्याच्या यादीशी बांधलेला असतो, म्हणून दुसऱ्या राज्यात जातीच्या दाखल्यावर हरकत निघू शकते. स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. भिलाईच्या बहिणीने बैतूलच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला तो स्त्री म्हणूनच, आणि तिला वकील मिळाला. आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीतही असा अर्ज देता येतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. चार वर्षे तारखा झाल्यावर २०२४ च्या एका लोकअदालतीत बैतूलचा वाद मिटला. खरेदीदाराने बाजारभावाप्रमाणे फरक दिला, पाचही वारसांनी नोंदणीकृत दस्ताने हक्क सोडला. लोकअदालतीचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. भरलेले न्यायालय शुल्क असल्यास तेही परत मिळते.

दुसऱ्या राज्यात काही घेण्याआधी काय पाहावे, हे लोक विचारतात. घेण्याआधी निदान एकदा तिथे जाऊन या, शेजाऱ्याशी बोला, हे पहिले. निबंधक कार्यालयातील मागील तीस वर्षांचा शोध काढा. आपल्याकडे सूची-दोन असते, तेलंगणात भारमुक्तता प्रमाणपत्र. तेलंगणाचे जमीन अभिलेख २०२० पासून 'धरणी' या संगणकीय व्यवस्थेत होते, २०२५ मध्ये तिची जागा 'भू भारती'ने घेतली. जुन्या पासबुकाची छायाप्रत दाखवून कोणी घाई करीत असेल तर नवी नोंद काढून पाहा. पक्षकाराच्या नावाने ई-कोर्टवर दावा आहे का ते मोफत दिसते. मराठीत लिहिलेला दस्त तेलुगू जाणणाऱ्या निबंधकापुढे न्यायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे सोबत अचूक भाषांतर लागते. त्याउलट, आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेतील कागदावर, भाषांतर हाती आल्यावाचून सही करू नये. विसार देण्याआधी हे सर्व करावे. नंतर केले तर तो शोध राहत नाही, शोक होतो.

मित्राच्या आईने गेल्या वर्षी मृत्युपत्र केले. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, साध्या कागदावर चालते; दोन साक्षीदारांनी तिला सही करताना पाहून स्वतः सही केली पाहिजे, एवढी अट. कागद मराठीत असला तरी भारतात कुठेही असलेली तिची मालमत्ता त्यात येते. शेतातील आपला पाचवा हिस्सा तिने कुणाला द्यायचे ठरविले ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. अक्षर ओळख तिने साठीनंतर गिरवली. सही करताना तिने पेन दोनदा खाली ठेवला आणि नाव पूर्ण लिहिले. साक्षीदार म्हणून धाकट्या मुलाने पुढे यायचे म्हटले, तेव्हा मीच त्याला थांबविले, कारण ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मग शेजारच्या शिक्षिकाबाई आणि गावच्या डॉक्टरांनी सह्या केल्या. मूळ कागद बँकेत आहे, आणि चार प्रती चार मुलांकडे.